यकृतातील पर्णकृमींचे निदान: नमुना हाती आल्यापासून अहवालावर सही होईपर्यंत

इंदूरच्या प्रयोगशाळांत शौच तपासणीचे नमुने रोज येतात आणि त्यांत जिआर्डिया, अमीबा, अंकुशकृमी किंवा बुटका फीतकृमी सापडणे हा नित्याचा भाग आहे. यकृतात राहणारा पर्णकृमी, ज्याला गुराढोरांचे डॉक्टर आणि गवळीसुद्धा सरळ ‘लिव्हर फ्लूक’ म्हणतात, तो माणसात क्वचितच नोंदला जातो. त्यामुळे पुष्कळ तंत्रज्ञ त्याचे अंडे प्रत्यक्ष न पाहताच निवृत्त होतात. हे लेखन अशा तंत्रज्ञांसाठी आणि मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नमुना कसा घ्यावा, कोणती पद्धत केव्हा वापरावी, अंडे ओळखावे कसे आणि अहवालात काय लिहावे, एवढाच त्याचा विषय आहे.

मी हे लिहायला बसलो त्यामागे एक जुनी घटना आहे. मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो तिथे धार जिल्ह्यातल्या एका खेड्यातून चाळिशीच्या एक बाई आल्या होत्या. उजव्या बरगडीखाली दुखणे, अधूनमधून ताप आणि डोळ्यांत किंचित पिवळेपणा अशी त्यांची तक्रार होती. एकूण पांढऱ्या पेशी 12,400 आणि त्यांत इओसिनोफिल, म्हणजे कृमींच्या संसर्गात वाढणाऱ्या पेशी, 38 टक्के होते. तीन आठवड्यांत त्यांच्या शौचाचे तीन नमुने आमच्याकडे आले. तिन्ही वेळा आम्ही साधी ओली स्लाइड आणि मिठाच्या संपृक्त द्रावणावर तरंगवण्याची पद्धत वापरली आणि तिन्ही वेळा ‘काही आढळले नाही’ असे लिहून मी सही केली. पुढे पित्तनलिकेतला अडथळा काढताना दुर्बिणीतून पानासारखा चपटा, तपकिरी कृमी बाहेर आला. फ्रिजमध्ये तिसऱ्या नमुन्याची बाटली अजून होती. तो नमुना पाण्यात निवळवून त्याचा संपूर्ण गाळ पाहिला, तेव्हा दोन अंडी मिळाली. अंडी नमुन्यात होतीच. ती ज्या पद्धतीने कधीच वर आली नसती, ती पद्धत आम्ही निवडली होती.

म्हणून सूक्ष्मदर्शकाशी बसण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात: आपण कोणता कृमी शोधतो आहोत आणि संसर्ग होऊन किती काळ लोटला आहे.

कृमी कोणता, आणि त्याचे दिवस किती

यकृतातल्या पर्णकृमींची दोन कुटुंबे प्रयोगशाळेला महत्त्वाची आहेत. पहिले फॅसिओलाचे. त्यात फॅसिओला हिपॅटिका आणि फॅसिओला जायगँटिका या दोन जाती येतात. भारताच्या मैदानी भागात गाई-म्हशींत प्रामुख्याने जायगँटिका आढळतो, तर हिपॅटिका थंड, डोंगराळ प्रदेशांतला. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही विचारा, म्हशीच्या कापलेल्या यकृतात जाड झालेल्या पित्तनलिकांतून हे कृमी कसे बाहेर येतात ते तो डोळ्यांसमोर उभे करील. कृमीची अंडी जनावराच्या शेणातून पाण्यात जातात, तिथे गोगलगाईत वाढ होते आणि शेवटी मेटासर्केरिया नावाची आवरणबद्ध अवस्था पाणवनस्पतींवर चिकटून बसते. अशी वनस्पती कच्ची खाल्ली किंवा तसे पाणी प्यायले की माणसाला संसर्ग होतो.

दुसरे कुटुंब क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किसचे. यांचा मार्ग गोड्या पाण्यातल्या कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या माशांतून जातो. क्लोनॉर्किस सायनेन्सिस चीन, कोरिया, उत्तर व्हिएतनाम आणि रशियाच्या अतिपूर्वेत आढळतो. ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये. ओपिस्थॉर्किस फेलिनियस सायबेरियाच्या नद्यांच्या खोऱ्यांत. हा परदेशातला विषय म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडची कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात, नोकरी-व्यवसायासाठी लोक आग्नेय आशियात राहून येतात. शिवाय क्लोनॉर्किसचे पहिले वर्णन भारतातच झाले: 1875 मध्ये कलकत्त्याच्या जेम्स मॅक्कॉनेल यांनी एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात पित्तनलिकांत सापडलेल्या या कृमीविषयी लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने व्हिव्हेरिनीला 1994 मध्ये आणि सायनेन्सिसला 2009 मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या गटात घातले, कारण त्यांच्यामुळे वर्षानुवर्षे होणाऱ्या दाहातून पित्तनलिकेचा कर्करोग होतो. निदान चुकण्याची किंमत म्हणूनच मोठी आहे.

आता दिवसांचा हिशोब. फॅसिओलाचे पिल्लू आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरते आणि सहा ते आठ आठवडे यकृताचा गर पोखरत फिरते. या काळात रुग्णाला ताप, उजव्या बाजूला दुखणे, अंगावर पित्त उठणे असे त्रास होतात आणि इओसिनोफिल झपाट्याने चढतात. मात्र शौचात एकही अंडे नसते, कारण अंडी घालणारा प्रौढ कृमी अजून तयारच झालेला नसतो. अंडी दिसू लागायला संसर्गापासून साधारण तीन ते चार महिने जातात. क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किसची पिल्ले आतड्यातून थेट पित्तनलिकेत चढतात, त्यामुळे त्यांची अंडी सुमारे चार आठवड्यांत दिसू शकतात. आजाराच्या दुसऱ्या महिन्यात फॅसिओलाच्या संशयावरून शौचाचे दहा नमुने तपासले तरी उत्तर मिळणार नाही; तिथे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणीच करावी लागते. उलट, वर्षभर जुन्या दुखण्यात आणि पित्तनलिका तुंबलेल्या रुग्णात अंडी शोधण्यावर भर द्यावा.

नमुना घेण्यापूर्वीचे प्रश्न

मागणीपत्रावर रुग्णाचे नाव, वय आणि ‘स्टूल रूटीन’ एवढेच लिहिलेले असते. नमुना देणाऱ्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला चार प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, ती द्यावीत. त्रास केव्हापासून आहे? तळ्याकाठची भाजी, म्हणजे नाळीची भाजी किंवा तत्सम पाला कच्चा खाण्यात येतो का, आणि तळ्यातले ओले शिंगाडे दातांनी सोलून खाल्ले जातात का? कोणत्या देशात राहणे झाले आणि तिथे कच्चा मासा खाल्ला का? आणि चौथा प्रश्न असा की गेल्या आठवड्यात कलेजी खाल्ली का?

हा चौथा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या यकृतात फॅसिओलाची अंडी असली, तर ती खाणाऱ्याच्या आतड्यातून जशीच्या तशी बाहेर पडतात. माणसाला संसर्ग झालेला नसतो. त्याने फक्त अंडी गिळलेली असतात, आणि शिजवल्यानंतरही अंड्याचे कवच ओळखू येण्याइतके टिकते. याला खोटा फॅसिओला संसर्ग म्हणता येईल. अंडे सापडले आणि कलेजी खाल्ल्याचे कळले, तर रुग्णाला किमान एक आठवडा यकृत अजिबात न खाण्यास सांगून नमुना पुन्हा घ्यावा. खऱ्या संसर्गात अंडी पुन्हा दिसतात, खोट्यात नाहीशी होतात. ही खातरजमा होईपर्यंत डॉक्टरांना फोन करून प्राथमिक निष्कर्ष सांगण्यास हरकत नाही, पण अंतिम अहवाल देऊ नये.

नमुना कोरड्या, रुंद तोंडाच्या आणि घट्ट झाकणाच्या डबीत, मोठ्या अक्रोडाएवढा तरी मागावा. पूर्वी खेड्यांतून लोक काडेपेटीत चिमूटभर नमुना आणत. आजही चमचाभर पुरे असा समज आहे आणि या तपासणीत तो फार नडतो. नमुन्यात लघवी किंवा संडासातले पाणी मिसळू देऊ नये. बेरियमचा एक्स-रे झाला असेल, किंवा तेलकट जुलाबाचे वा आम्लपित्ताचे औषध चालू असेल तर आठवडा-दहा दिवस थांबावे. अमीबाच्या हलत्या रूपासाठी नमुना ताजा लागतो, तशी घाई पर्णकृमींच्या अंड्यांसाठी नाही; फ्रिजमध्ये काही दिवस ठेवलेल्या नमुन्यातही ती व्यवस्थित दिसतात. लांबून यायचे असेल तर 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये नमुना बुडवून आणण्यास सांगावे. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांत वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने तपासल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. या अंड्यांपासून तंत्रज्ञाला पर्णकृमीची लागण होत नाही, कारण त्यांना आधी गोगलगाय लागते. पण त्याच नमुन्यात टायफॉइडचे किंवा काविळीचे जंतू असू शकतात, तेव्हा हातमोजे घालावेतच.

तरंगवू नका, निवळवा

बहुतेक कृमींची अंडी हलकी असतात आणि 1.20 घनतेच्या मिठाच्या द्रावणावर तरंगतात, म्हणून ती पद्धत सर्वत्र रुळली. फॅसिओलाचे अंडे जड असते, शिवाय त्याला एका टोकाला झाकण असते. दाट द्रावणात ते झाकण उघडते, अंड्यात द्रावण शिरते आणि ते तळाशी जाते किंवा त्याचा आकार इतका बिघडतो की ओळख पटत नाही. 1.18 घनतेच्या झिंक सल्फेटबाबतही हेच घडते. झाकण असलेल्या सर्वच अंड्यांसाठी गाळ तपासणे हाच योग्य मार्ग आहे.

फॅसिओलाचा संशय असेल तर सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे पाण्यात निवळवणे. सुमारे 10 ग्रॅम नमुना थोड्या पाण्यात काचेच्या कांडीने नीट कालवावा आणि गॉजच्या दोन पदरांतून 250 मिलिलिटरच्या, तळाशी निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात गाळावा. गॉजचे चार-सहा पदर करण्याचा मोह टाळावा, कारण हे अंडे मोठे असते आणि दाट कापडात अडकते. गॉजवर राहिलेला चोथा पाण्याच्या बारीक धारेने पुन्हा धुऊन घ्यावा. ग्लास काठोकाठ भरून 20 ते 30 मिनिटे हलणार नाही अशा जागी ठेवावा. सेंट्रिफ्यूज चालू असलेल्या टेबलावर ठेवू नये. वरचे गढूळ पाणी सावकाश ओतावे, तळातला गाळ हलू लागला की थांबावे, पुन्हा स्वच्छ पाणी भरावे. वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत, म्हणजे सहसा तीन-चार वेळा, हेच करावे. शेवटी राहिलेल्या काही मिलिलिटर गाळात मेथिलीन ब्लूच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकावा. अन्नाचे तंतू आणि वनस्पतीच्या पेशी निळ्या होतात आणि त्या निळाईत पिवळसर अंडे चटकन डोळ्यांत भरते. हा रंगाचा उपाय पशुवैद्यक पूर्वापार वापरतात आणि माणसांच्या प्रयोगशाळेने तो घ्यावा असे मला मनापासून वाटते. सेंट्रिफ्यूज नसलेल्या आरोग्य केंद्रातही हे सारे करता येते.

क्लोनॉर्किस-ओपिस्थॉर्किसची अंडी फार लहान असल्यामुळे ती पाण्यात हळू बसतात आणि ओततानाच निघून जाऊ शकतात. त्यांच्यासाठी फॉर्मेलिन आणि इथाइल ॲसिटेटची पद्धत वापरावी. जुनी पुस्तके ईथर सांगतात, पण ते चटकन पेट घेते. इथाइल ॲसिटेटही ज्वालाग्राही असले तरी त्यामानाने सुरक्षित आहे. एक ते दीड ग्रॅम नमुना 10 मिलिलिटर 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये कालवून, गॉजमधून निमुळत्या सेंट्रिफ्यूज नळीत गाळावा आणि फॉर्मेलिनने 10 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावा. वर 3 ते 4 मिलिलिटर इथाइल ॲसिटेट घालून बूच लावावे आणि नळी अर्धा मिनिट जोराने हलवावी. आत वाफेचा दाब साठतो, म्हणून नळीचे तोंड स्वतःपासून आणि शेजाऱ्यापासून दूर धरून बूच अंगठ्याखाली अलगद सैल करावे. हलका फुस्स असा आवाज येऊ द्यावा आणि मगच नळी सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवावी.

सेंट्रिफ्यूजची गती ‘फेरे’ म्हणून न सांगता गुरुत्वाच्या पटीत सांगतात, आणि इथे 500 पट लागते. आपल्या यंत्राचे फेरे किती ठेवायचे हे त्याच्या त्रिज्येवर अवलंबून असते. 15 सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात मिनिटाला सुमारे 1,700 फेरे पुरतात. त्या गतीला दहा मिनिटे फिरवले की चार थर दिसतात: सर्वांत वर इथाइल ॲसिटेट, त्याखाली चरबी आणि चोथ्याची चकती, मग फॉर्मेलिन आणि तळाशी गाळ. लाकडी काडी नळीच्या आतल्या कडेने फिरवून चकती सोडवावी आणि एका झटक्यात वरचे तिन्ही थर ओतून टाकावेत. नळी उलटी असतानाच तिच्या भिंतीवर चिकटलेला चोथा कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावा, नाहीतर नळी सरळ करताच तो गाळात उतरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

अंडे पाहणे आणि मोजणे

गाळाचा एक थेंब पाहून बाकीचा फेकून देणे ही सर्वांत मोठी चूक आहे. माणसात फॅसिओलाची अंडी फार थोडी पडतात, तेव्हा सारा गाळ थेंबाथेंबाने संपेपर्यंत पाहावा. कंडेन्सर थोडा खाली घेऊन 10च्या भिंगाखाली स्लाइडच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि शेतात नांगर फिरतो तशी एकेक पट्टी पुरी करीत जावे. आयोडीन इथे नको. त्यात ही मोठी अंडी काळपट होऊन आतला भाग दिसत नाही.

फॅसिओलाचे अंडे पातळ चहाच्या रंगाचे, लांबट गोल आणि पातळ कवचाचे असते. आत भिजवलेल्या खसखशीसारखे दाणे गच्च भरलेले दिसतात. पिल्लू तयार झालेले नसते. हिपॅटिकाचे अंडे साधारण 130 ते 150 मायक्रोमीटर लांब आणि 63 ते 90 रुंद, तर जायगँटिकाचे त्याहून मोठे, 200 मायक्रोमीटरच्या जवळपास जाणारे. झाकणाची रेघ इतकी बारीक असते की नवख्याला ती दिसत नाही. अशा वेळी सुईच्या टोकाने कव्हरस्लिपवर हलकेच दाबावे. डब्याचे झाकण उघडावे तसे एक टोक उघडते आणि आतले दाणे ओघळू लागतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ते अंडे पुन्हा कधी विसरले जात नाही.

क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किसचे अंडे याच्या पाचव्या हिश्श्याएवढे, म्हणजे सुमारे 30 मायक्रोमीटर लांब आणि 15 रुंद असते. 10च्या भिंगाखाली ते ठिपक्यासारखे दिसते आणि कचरा म्हणून नजरेआड होते. संशय आला की 40च्या भिंगाखाली न्यावे. आकार सुरईसारखा, झाकण ठळक आणि त्याच्या कडेला दोन्ही बाजूंना खांद्यासारखा उंचवटा, मागच्या टोकाला बारीकशी गाठ आणि आत पूर्ण वाढलेले पिल्लू. या दोघांतला फरक अंड्यावरून सांगता येत नाही, शिवाय आतड्यात राहणाऱ्या हेटेरोफिससारख्या लहान कृमींची अंडीही हुबेहूब तशीच दिसतात. डायक्रोसिलियम नावाच्या गुरांच्या कृमीचे अंडे 35 ते 45 मायक्रोमीटरचे, जाड कवचाचे आणि गडद तपकिरी असते. तेही कलेजीतून खोटेपणाने येऊ शकते.

यासाठी मोजमाप हवेच. ‘मोठे अंडे दिसले’ हा निष्कर्ष नव्हे. नेत्रभिंगात मोजपट्टीची चकती बसवावी आणि स्टेज मायक्रोमीटरवर तिची खूण जुळवावी. स्टेज मायक्रोमीटरवर 1 मिलिमीटरचे 100 भाग असतात, म्हणजे एक भाग 10 मायक्रोमीटरचा. पुष्कळ सूक्ष्मदर्शकांत 10च्या भिंगाखाली नेत्रभिंगातला एक भाग 10 मायक्रोमीटरच्या आसपास आणि 40च्या भिंगाखाली अडीचच्या आसपास येतो, पण हे आपल्या यंत्रावर स्वतः मोजून सूक्ष्मदर्शकाच्या पायथ्याशी चिठ्ठी लावून ठेवावे. तसे असेल तर फॅसिओलाचे अंडे 10च्या भिंगाखाली चौदा भाग भरते आणि क्लोनॉर्किसचे 40च्या भिंगाखाली बारा. गोल जंताचे निष्फळ अंडे 85 ते 95 मायक्रोमीटर असते आणि त्याला झाकण नसते. फुप्फुसातल्या पर्णकृमीचे, जे थुंकी गिळल्याने शौचात येते, ते 80 ते 120 मायक्रोमीटरचे. एवढी मापे जवळ असली तर निम्मे गोंधळ तिथेच संपतात.

एक गोंधळ मात्र मापाने सुटत नाही. आतड्यातला पर्णकृमी फॅसिओलॉप्सिस बस्की याचे अंडे मापाने, रंगाने आणि झाकणाने फॅसिओलासारखेच असते. हा कृमी उत्तर प्रदेश-बिहारच्या भागांत माणसांत आढळतो, शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींवरून येतो, आणि तिथली कुटुंबे इंदूरमध्ये पुष्कळ आहेत. त्याच्यावर प्राझिक्वांटेल चालते; फॅसिओलावर ते औषध उपयोगी पडत नाही, तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागते. म्हणून अशा अंड्याचा अहवाल ‘फॅसिओला किंवा फॅसिओलॉप्सिस यांचे अंडे’ असाच द्यावा आणि यकृताची सोनोग्राफी, इओसिनोफिल आणि प्रतिपिंडांची तपासणी यांच्या आधारे निर्णय करण्याचे डॉक्टरांना सुचवावे.

काटो-काट्झ पद्धतीविषयी, म्हणजे ठराविक मापाच्या नमुन्याची जाड स्लाइड करून अंडी मोजण्याविषयी, थोडेच सांगतो. ती सर्वेक्षणासाठी उत्तम आहे, एका रुग्णाच्या निदानासाठी तोकडी. तिच्या साच्यात 41.7 मिलिग्रॅम नमुना मावतो, म्हणून मिळालेल्या अंड्यांना 24 ने गुणून दर ग्रॅमची संख्या काढतात. रुग्ण दर ग्रॅमला पाचच अंडी टाकत असेल तर पाचांपैकी चार स्लाइड कोऱ्या निघतील. त्याच रुग्णाच्या 10 ग्रॅम नमुन्यात मात्र पन्नास अंडी असतात आणि निवळवलेल्या गाळात ती मिळण्याची संधी कितीतरी मोठी. थायलंड-लाओसमध्ये राहून आलेल्या, भरपूर अंडी टाकणाऱ्या रुग्णात तिचा उपयोग होतो.

पित्त आणि प्रत्यक्ष कृमी

शौच तीनदा निगेटिव्ह येऊनही संशय टिकून असेल तर पित्त किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा द्रव मागवावा. दुर्बिणीने पित्तनलिका तपासली जाणारच असेल तर आधी त्या विभागात फोन करून 5 ते 10 मिलिलिटर पित्त कोऱ्या नळीत ठेवण्यास सांगावे. ते 500 पट गुरुत्वाने पाच मिनिटे फिरवून सगळा गाळ पाहावा.

कृमीच हाती आला तर तो रक्ताची गाठ किंवा चिवट पडदा समजून फेकला जाण्याची भीती असते, म्हणून शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेला आधी सांगून ठेवावे. कृमी सलाइनमध्ये धुऊन मोजावा. हिपॅटिका साधारण 30 मिलिमीटर लांब आणि 13 रुंद, पुढच्या शंकूमागे खांदे असलेला. जायगँटिका अधिक लांबुडका, 75 मिलिमीटरपर्यंत. क्लोनॉर्किस 10 ते 25 मिलिमीटरचा, नाजूक. एकाहून अधिक कृमी असतील तर एक 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये आणि एक 70 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. एकच असेल तर इथेनॉल निवडावे, कारण फॉर्मेलिनमध्ये डीएनए बिघडतो आणि मग जात ठरवता येत नाही.

रक्ताची तपासणी

इओसिनोफिलची टक्केवारी एकटी फसवते, म्हणून प्रत्यक्ष संख्या काढावी. वर सांगितलेल्या बाईंच्या बाबतीत 12,400 चे 38 टक्के म्हणजे दर मायक्रोलिटर 4,712 येतात, आणि 500 च्या वरची संख्या वाढलेली समजतात. यकृतात गळूसारखे ठिपके आणि इओसिनोफिल एवढे चढलेले, हे अमीबाच्या गळूत सहसा दिसत नाही. तिथे इओसिनोफिल वाढत नाहीत. हा फरक मालव्यात, जिथे अमीबाचे गळू परिचयाचे आहे, डॉक्टरांच्या नजरेस मुद्दाम आणून द्यावा. जुन्या संसर्गात मात्र इओसिनोफिल सामान्यही असू शकतात, आणि पित्तनलिका तुंबल्यावर वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम चढलेले दिसते.

फॅसिओलाच्या प्रतिपिंडांची एलायझा तपासणी संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांतच पॉझिटिव्ह येते, म्हणजे अंड्यांच्या दोन-तीन महिने आधी. कृमी बाहेर टाकत असलेल्या स्रावांचे, विशेषतः कॅथेप्सिन एल या एन्झाइमचे अँटिजेन वापरणारे किट अधिक अचूक असतात, आणि हिपॅटिकापासून बनवलेले किट जायगँटिकाच्या रुग्णातही चालते. इतर कृमींच्या, मुख्यतः फुप्फुसातल्या आणि रक्तातल्या पर्णकृमींच्या प्रतिपिंडांशी गल्लत होऊ शकते, म्हणून सीमेवरचा निकाल आला तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा सीरम घेऊन दोन्ही एकाच वेळी, एकाच प्लेटवर लावावेत. ही तपासणी आपल्याकडे होत नसेल तर सीरम बर्फात संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावा. चंडीगढच्या पीजीआयमध्ये परजीवीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पाठवण्यापूर्वी तपासणी चालू आहे का हे विचारून घ्यावे आणि सोबत रुग्णाचा इतिहास लिहून द्यावा.

शौचातल्या अँटिजेनची एलायझा अंडी तुरळक असतानाही मदत करते आणि कृमी जिवंत आहे की नाही हे प्रतिपिंडांपेक्षा चांगले सांगते. पीसीआरचा, म्हणजे डीएनएचा ठराविक तुकडा वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, खरा उपयोग जात ठरवण्यात आहे: रायबोसोमल आयटीएस भाग वाढवून हिपॅटिका आणि जायगँटिका वेगळे करता येतात, तसेच क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किसही. त्यासाठी नमुना फॉर्मेलिनमध्ये नव्हे, इथेनॉलमध्ये किंवा गोठवून पाठवावा. शौच आणि पित्त या दोन्हींत पीसीआर रोखणारे घटक असतात, तेव्हा निगेटिव्ह निकालाबरोबर अंतर्गत नियंत्रण, म्हणजे तपासणी अडली नाही हे दाखवणारी सोबतची चाचणी, चालले होते का, हे विचारून घ्यावे.

अहवालात काय लिहावे

‘नो ओवा ऑर सिस्ट सीन’ एवढे पाच शब्द लिहून सही करण्याची सवय मी स्वतः फार वर्षे पाळली. त्याऐवजी पद्धत, नमुन्याचे वजन आणि नमुन्याचा क्रम लिहावा: ‘10 ग्रॅम नमुना पाण्यात निवळवून संपूर्ण गाळ तपासला, पर्णकृमींची अंडी आढळली नाहीत, तीनपैकी पहिला नमुना.’ हे वाचून डॉक्टरांना कळते की अजून दोन नमुने बाकी आहेत. संसर्गाला तीन महिने झाले नसतील असे इतिहासावरून दिसत असेल, तर या टप्प्यावर अंडी अपेक्षित नाहीत आणि प्रतिपिंडांची तपासणी करावी, हेही त्याच अहवालात लिहावे. अंडी आढळली तर गाळात किती मिळाली, किमान पाच अंड्यांची किंवा जितकी असतील तितक्यांची लांबी-रुंदी, झाकण दिसले का, आणि कलेजीचा प्रश्न विचारून झाला का, याची नोंद करावी. मोजलेल्या अंड्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे आणि उरलेला गाळ फॉर्मेलिनमध्ये निदान उपचार संपेपर्यंत जपावा.

उपचारानंतर अंड्यांची तपासणी तीन महिन्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी करावी. त्याच पद्धतीने आणि तेवढ्याच वजनाच्या नमुन्यावर करावी, नाहीतर दोन अहवालांची तुलना होत नाही. प्रतिपिंड उतरायला सहा महिने ते वर्ष लागते, म्हणून पहिल्या महिन्यात एलायझा पॉझिटिव्ह आली म्हणजे औषध लागू पडले नाही असे रुग्णाला सांगू नये. धारच्या त्या बाई औषध घेतल्यानंतर सहा महिन्यांनी तपासणीसाठी परत आल्या होत्या. त्या वेळी 10 ग्रॅम नमुना निवळवला, सगळा गाळ दोन तास बसून पाहिला, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तेच केले, आणि मग अहवालावर सही केली.